तेरा मिनिटांचं झाड: भंडारदऱ्याचे चार दिवस

पहिला दिवस: घोटी, बारी, शेंडी

काजव्यांचे फोटो काढायला भंडारदऱ्याला जायचं तर तारीख कॅलेंडरपेक्षा पंचांगात बघून ठरवावी. मेच्या अखेरीपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, वळवाच्या एकदोन सरी होऊन गेल्या आणि मोठा पाऊस अजून लागला नाही, एवढाच काळ हाताशी असतो. त्यात वैशाख अमावास्या जूनच्या तोंडावर आली की सोनं. चंद्र असला तरी काजवे लुकलुकतातच, पण चांदण्यात आकाश उजळतं आणि शटर वीस सेकंद उघडं ठेवून काढलेल्या एका फ्रेममध्ये, म्हणजे एका फोटोत, त्या उजेडापुढे काजव्यांचे ठिपके फिके पडतात. अमावास्येच्या आगेमागे चार दिवस धरले की निदान दोन रात्री कोरड्या मिळण्याची आशा असते.

मुंबईहून कसारा किंवा इगतपुरी स्टेशन, पुढे घोटी, मग कळसूबाईच्या पायथ्याचं बारी आणि शेंडी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. शेंडीपासून धरणाच्या पाण्याला वळसा घालणारा रस्ता निघतो. मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल अशी गावं करत तो परत शेंडीलाच येतो. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. नाक्यावर पैसे भरून पावती घ्यावी आणि रात्री कितीपर्यंत थांबता येतं ते तिथेच विचारून घ्यावं, कारण हंगामातली गर्दी बघून वेळ बदलते. फ्लॅश आणि टॉर्च मारायला बंदी असते, आणि ती योग्यच आहे. नर काजवा मादीला उजेडाची खूण करतो. आपला टॉर्च त्या खुणेवर पडला की झाडाचा तेवढा भाग मिनिटभर विझलेला दिसतो.

चार वाजेपर्यंत शेंडीला पोचलं की उजेडातच झाड निवडता येतं. गावातला माणूस बरोबर घ्यावा. कुठलं झाड पेटतं हे त्याला पिढीजात माहीत असतं. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर, आंबा ही इथली काजव्यांची झाडं. सादडा म्हणजे पुस्तकातला ऐन. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी भेगाळलेली असते. पान उलटून देठाजवळ बघितलं की मधल्या शिरेला चिकटलेल्या दोन बारीक गाठी दिसतात. झाड एकदा असं जवळून बघितलेलं असलं की रात्री फक्त ठिपक्यांचा आकार दिसत असतानाही त्यामागचं खोड डोळ्यांसमोर राहतं. मागे मोकळं आकाश असलेलं, रस्त्यापासून आत आणि वळणाच्या पलीकडचं झाड घ्यावं. वळणावरच्या झाडावर गाडीचे दिवे पडणारच.

ट्रायपॉड उजेड असतानाच रोवायचा. वळवाने भुसभुशीत झालेल्या मातीत पाय हळूहळू खचतात. म्हणून प्रत्येक पायाखाली चपटा दगड ठेवावा, मधला दांडा वर काढू नये आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करावं. खोडावर ऑटोफोकस करून लगेच मॅन्युअलवर टाकायचं आणि फोकसच्या कड्यावर कागदी टेप लावायची. अंधारात हात लागून कडं केसभर जरी सरकलं तरी प्रत्येक ठिपक्याची चकती होते. पुढे इंटरनेटवर त्याच चकत्या ‘लिंबाएवढे काजवे’ म्हणून फिरतात. चकतीचा आकार चुकलेल्या फोकसचा असतो, त्यात किड्याचा काही वाटा नसतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. साडेसातला पहिले तुरळक ठिपके दिसू लागतात आणि आठनंतर झाड भरतं.

या पहिल्या रात्री कॅमेरा बॅगेतच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा पडदा एकदा बघितला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डोळे सरावले की जे दिसतं ते फोटोत कधीच बघितलेलं नसतं. एका फांदीवरचे काजवे एकदम उजळतात, एकदम विझतात. शेजारची फांदी क्षणभर मागे असते, मग तीही त्याच तालात येते. झाड श्वास घेतंय असं वाटतं. आणि मध्ये जो अंधार पडतो तो पूर्ण काळा असतो. तो अंधार या दृश्याचा अर्धा भाग आहे.

दुसरा दिवस: रतनवाडीचा रस्ता आणि रात्रीचं काम

सकाळ रतनवाडीच्या बाजूला घालवावी. हेमाडपंती अमृतेश्वराचं देऊळ, मागे रतनगड, आणि माथ्यावरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, स्वच्छ हवेत खालूनही दिसतं. छायाचित्रण शिकणाऱ्याला इथे एक प्रयोग करता येतो. देवळाजवळ उभं राहून २४ मिमीच्या रुंद लेन्सने एक फोटो काढा. मग बरंच मागे जाऊन, देऊळ फ्रेममध्ये तेवढंच दिसेल असं बघून २०० मिमीच्या लांब लेन्सने दुसरा काढा. दुसऱ्यात रतनगड देवळाच्या डोक्यावर येऊन उभा राहतो. लोक याला लेन्सची किमया म्हणतात, पण किमया पायांची आहे. आपण मागे गेलो म्हणून देऊळ आणि गड यांच्यातलं प्रमाण बदललं, लेन्सने फक्त तेवढा तुकडा उचलला. दोन्ही फोटो खरे आहेत आणि दोन्हींत डोंगर वेगवेगळ्या उंचीचा आहे.

धरणाचंही तसंच. विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या जलाशयाचे छापून आलेले फोटो जवळजवळ सगळे भरल्या पाण्याचे असतात. जूनच्या सुरुवातीला पाणी खाली गेलेलं असतं आणि काठाला तडकलेल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. कॅमेरा चार बोटं वर उचलला की तो पट्टा फ्रेमबाहेर जातो. फोटोशॉप न उघडता, एकही पिक्सेल न बदलता जून महिन्याचा सप्टेंबर करता येतो. फेरफार म्हटलं की आपण लगेच सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतो, पण निम्मा फेरफार कॅमेरा कुठे रोखला यातच झालेला असतो.

दुपारी झोप काढावी. रात्र लांब असते.

रात्रीची कृती आता नीट सांगतो. लेन्स २४ किंवा ३५ मिमी, अॅपर्चर एफ २.८ (हे लेन्सचं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं), आयएसओ १६०० (सेन्सरची संवेदनशीलता), शटर २० सेकंद, व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगाचा कल ४००० केल्विनवर पक्का, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब शटरमधले खोटे ठिपके पुसणारी सोय) बंद, कारण ते प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ खातं. इंटरव्हलोमीटरवर, म्हणजे ठरावीक अंतराने शटर दाबणाऱ्या सोयीवर, २० सेकंदांच्या शटरला २१ सेकंदांचं अंतर द्यायचं. अंतरही २० च ठेवलं तर कॅमेरा अजून फाइल लिहीत असतो, पुढचा इशारा चुकतो आणि एकाआड एक फ्रेम गळते. असे चाळीस फ्रेम, दुसऱ्या दिवशी एकाच चित्रात एकत्र करण्यासाठी. कार्डाचा लाल दिवा आणि मागचा पडदा काळ्या टेपने झाकावा. गाडीतल्या एसीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला तर लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेर ठेवावी. रात्रीत दोन-तीनदा पुढच्या काचेवर दव आलंय का ते बघावं. उजेड न करता बघायचं म्हणजे लाल टॉर्च, तोही तळहातात झाकून.

आता एक गोष्ट जी बहुतेकांची चुकते. काजव्याची लुकलुक सेकंदाच्या अंशात संपते. त्यामुळे शटर १० सेकंद ठेवलं काय आणि ३० ठेवलं काय, एका ठिपक्याची चमक तेवढीच राहते. ती वाढते अॅपर्चरने आणि आयएसओने. शटर लांबवल्याने वाढतात त्या दोनच गोष्टी: पार्श्वभूमीचा उजेड आणि ठिपक्यांची संख्या. ठिपके फिके वाटले म्हणून शटर लांबवत नेणारा माणूस रात्रभर आकाश उजळवत बसतो. उलट एफ २.८ आणि आयएसओ १६०० वरून एफ १.४ आणि आयएसओ ३२०० वर गेलं तर ठिपका आठपट चमकतो, आणि जवळचे काजवे मधोमध पांढरे जळतात. त्यांचा पिवळसर हिरवा रंग कडेला बारीक वर्तुळासारखा उरतो. मग कुणी तो रंग सॉफ्टवेअरमध्ये सोनेरी करतं, कारण सोनेरी काजवे बघायची डोळ्यांना सवय लागली आहे.

झाड ओळखू यावं म्हणून साडेसातच्या निळ्या उजेडात एक फ्रेम आधी काढून ठेवतात. त्यानंतर ट्रायपॉडला बोटही लागता कामा नये. एखाद्या मिलिमीटरने कॅमेरा हलला तरी आठ वाजताचे ठिपके साडेसातच्या पानांवर बसत नाहीत, शेजारच्या हवेत लटकतात. वाऱ्याची रात्र असेल तर कितीही जपलं तरी हे होतंच.

तिसरा दिवस: बेरीज तपासणं, मग दुसरा प्रयत्न

सकाळी लॅपटॉप उघडायचा. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीस फ्रेम एकावर एक लेयर म्हणजे थर म्हणून ठेवायचे (यालाच स्टॅक म्हणतात) आणि सगळ्यांना ‘लाइटन’ मोड द्यायचा. या मोडमध्ये प्रत्येक जागी सगळ्यात उजळ पिक्सेल तेवढा शिल्लक राहतो. त्यामुळे एकाच फ्रेममध्ये जरी गाडीचा दिवा झाडावर पडला असेल तरी चाळीसच्या चाळीस फ्रेमचं काम बिघडतं. असे फ्रेम आधी शोधून बाजूला काढावेत आणि किती काढले ते वहीत लिहावं.

चाळीस फ्रेमचे ८०० सेकंद, म्हणजे १३ मिनिटं २० सेकंद. समजा एक काजवा सेकंदाला एकदा चमकतो. मग एकाच फ्रेममध्ये तो वीस ठिपके ठेवून जातो, आणि सगळ्या बेरजेत आठशे. शंभर काजव्यांचं झाड ऐंशी हजार ठिपक्यांचं होऊ शकतं. स्टॅक केलेल्या फोटोत आपण काजवे मोजत नसतो, वेळ मोजत असतो. बघणारा मात्र ते सगळं एका क्षणाचं दृश्य म्हणून घेतो, हंगामात इथे येतो, आणि ‘फोटोत होते तेवढे नव्हते’ म्हणत नाराज होऊन परततो. समोरचं झाड खरं असतं, तरी ते त्याला कमी वाटतं. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

मग झाडाबाहेरचे ठिपके तपासायचे. दमट, उबदार हवेत सेन्सर तापतो आणि काही पिक्सेल आपोआप पेटतात. लाल, निळे, हिरवे बारीक ठिपके. त्यातले हिरवे अगदी काजव्यासारखे. लाइटन मोड तेही जपून ठेवतो. ओळखायची खूण एकच: काजव्याचा ठिपका फ्रेमगणिक जागा बदलतो, तापलेला पिक्सेल सगळ्या फ्रेममध्ये तिथल्या तिथे असतो. उपाय म्हणजे रात्रीचं काम संपल्यावर लगेच, त्याच हवेत, त्याच आयएसओ आणि शटरवर लेन्सला टोपी घालून पाच-दहा फ्रेम काढायचे. त्यांच्यात जे दिसतं ते सगळं खोटं, ते मूळ फ्रेममधून वजा करायचं. फोटोतला काही भाग काढून टाकल्याने फोटो जास्त खरा होतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नसेल.

आकाशाची गोष्ट आणखी वेगळी. १३ मिनिटांत तारे सरकतात आणि बेरजेत त्यांच्या रेघा होतात. बरेच जण त्या पुसून एकाच फ्रेममधलं आकाश वर बसवतात. म्हणजे साडेसातचं झाड, आठ ते सव्वाआठचे काजवे आणि साडेआठचं आकाश. तीन वेळा, एक चौकट.

यात नवीन काही नाही. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्राचे जे फोटो केले त्यांतल्या काहींत आकाश एका निगेटिव्हवरचं आणि पाणी दुसऱ्यावरचं आहे, क्षितिजरेषेवर जोडलेलं. कारण तांत्रिक होतं. तेव्हाच्या कोलोडियन काचा, म्हणजे रसायनाचा थर दिलेल्या निगेटिव्हच्या काचा, निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. पाणी बरोबर आलं की आकाश पांढरंफटक पडे. आपल्या निळ्या उजेडातल्या फ्रेमचं कारणही तसंच आहे: सेन्सरला एकाच वेळी झाड आणि काजवे दोन्ही पेलत नाहीत. जोड लावण्यात मला गैर वाटत नाही, जोड लपवण्यात वाटतं. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी आडव्या फोटोतले गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते, उभ्या चौकटीत बसावेत म्हणून. वाचकांना धक्का बसला तो वाचकांना न सांगता ते केलं म्हणून.

काजव्यांच्या अगदी जवळचं उदाहरण ब्राझीलचं आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ साली एका चित्राला त्याच्या गटात पारितोषिक मिळालं. रात्री वाळवीचं वारूळ, त्यावर चमकणाऱ्या अळ्यांचे हिरवट दिवे, वर तारे, आणि वारुळाशी आलेला मुंगीखाऊ. शटर बराच वेळ उघडं होतं. पुढे कुणीतरी कळवलं की हा प्राणी राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात ठेवलेल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊसारखा दिसतो. तज्ज्ञांनी केसांचे झुपके आणि खुणा ताडून बघितल्या आणि एप्रिल २०१८ मध्ये पारितोषिक काढून घेतलं गेलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. त्याच्याकडे आधीच्या आणि नंतरच्या रॉ फाइल होत्या, पण मुंगीखाऊ असलेली दुसरी एकही नव्हती. म्हणून शिकणाऱ्याने एक सवय आजपासूनच लावावी: एकही रॉ फाइल पुसायची नाही, बिघडलेलीसुद्धा नाही. गाडीच्या दिव्याने वाया गेलेली सतरावी फ्रेम हाच पुढे आपला साक्षीदार असतो.

दुपारी क्लोजअप. काजवा पकडून, बाटलीत ठेवून, फ्रीजमध्ये गार करून पानावर मांडायचे प्रकार होतात, ते करू नयेत. दिवसा झाडाखालच्या गवतात, पानाच्या मागच्या बाजूला निवांत बसलेला काजवा सापडतो. जेमतेम सेंटिमीटरभर. डोकं पाठीच्या ढालीखाली ओढलेलं, कडेने फक्त मोठे काळे डोळे दिसतात. पोटाच्या टोकाला फिकट, मेणासारखे पट्टे असतात. नराला दोन, मादीला एक. रात्रीचा सगळा उजेड तिथला. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ल्युसिफरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि उष्णता जवळजवळ न होता प्रकाश पडतो. १०० मिमी मॅक्रो, एफ ११, पान हलत असेल तर १/२०० शटर, आणि वरून पडणारा उजेड अडवायला पांढरा कागद. पानं तोडून ‘स्वच्छ’ पार्श्वभूमी करू नये. पिचकारीने दव पाडू नये, आणि पाडलंच तर तसं लिहावं. खाली मातीत, ओल्या पाचोळ्यात त्याच्या अळ्या गोगलगायींवर महिनोन्महिने वाढलेल्या असतात, आणि उडणारा काजवा जगतो मोजके आठवडे. म्हणून झाडाखाली पाय टाकायचा तो मळलेल्या वाटेवरच.

संध्याकाळी दुसरा प्रयत्न, आणि हा जास्त महत्त्वाचा. स्टॅकमध्ये झाड मिळतं पण ताल हरवतो, तो पहिल्या रात्रीचा काळा अंधारच नाहीसा होतो. तो मिळवायला एफ १.४, आयएसओ १२८०० आणि अर्ध्या सेकंदाचं शटर लावून सलग साठ-सत्तर फ्रेम काढायचे. चित्र कणीदार येतं, खोड दिसत नाही, रंग मळकट होतो. पण फ्रेम ओळीने बघितले की एक भरलेला, पुढचा जवळजवळ रिकामा, मग पुन्हा भरलेला असं दिसतं. त्यांतले लागोपाठचे दोन निवडून, काही न जोडता शेजारी शेजारी छापायचे. भिंतीवर लावायला स्टॅक देखणा दिसतो, हे मान्यच. काजवे काय करतात हे मात्र या दोन कणीदार फोटोंतूनच कळतं. कॅमेऱ्याला झेपत असेल तर त्याच मांडणीवर दोन मिनिटांचा व्हिडिओही घ्यावा, २५ फ्रेमचा, शटर १/२५.

चौथा दिवस: शेंडीतून परतताना

निघायच्या सकाळी, आठवण ताजी असताना, फोटोखालची ओळ लिहून टाकावी. घरी गेल्यावर आकडे विसरतात आणि मग नुसतं ‘काजव्यांची जादू’ उरतं. नमुना असा:

‘सादड्याच्या झाडावरचे काजवे, भंडारदरा परिसर, जून. २० सेकंदांचे ३८ फ्रेम, एकूण १२ मिनिटं ४० सेकंद, लाइटन पद्धतीने एकत्र. गाडीच्या उजेडाचे २ फ्रेम वगळले. झाड त्याच जागेवरून अर्धा तास आधी टिपलेलं. आकाश एका फ्रेममधलं. एका वेळी डोळ्यांना याचा फार थोडा भाग दिसतो.’

शेवटचं वाक्य गाळायचा मोह होतो. गाळू नये. ते वाचलेला माणूस झाडाखाली उभा राहिला तर समोर जे आहे तेच बघतो, फोटोतलं शोधत बसत नाही. कॅप्शन लांब झालं म्हणून कुणी फोटो बघायचं सोडत नाही.

या ओळीत एक गोष्ट मात्र मुद्दाम लिहायची नाही: झाड नेमकं कुठे आहे. जीपीएस चालू असेल तर फाइल टाकण्याआधी तेवढी नोंद काढून टाकावी. गावाचं नाव, वळण, ओढा, यातलं काही नको. फोटो खरा ठरायला झाडाचा पत्ता लागत नाही, आणि पत्ता फुटला की पुढच्या शनिवारी त्या सादड्याखालचा पाचोळा तुडवला जातो. स्पर्धेच्या परीक्षकांनी विचारलं तर रॉ फाइल आणि जागा दोन्ही त्यांना वेगळ्या कळवाव्यात.

बारीच्या चढावर ढग उतरलेले असतील तर काचा वर करून घ्याव्यात. एकदा पाऊस लागला की त्या रात्रीनंतर झाडं काळोखी होतात आणि मादीने ओल्या मातीत घातलेली अंडी तेवढी खाली राहतात. चाळीस फ्रेमचं फोल्डर, टोपी घालून काढलेल्या फ्रेमचं दुसरं, वहीच्या पानाचा फोटो तिसऱ्यात, आणि या सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, हे इगतपुरीला गाडी यायच्या आधीच उरकून घ्यावं.